बावीसशे मैलांची सोबत

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया राज्यात, स्प्रिंगर माउंटन नावाचा एक डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 3,780 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही सोळाशे फुटांनी कमी. माथ्यावर देऊळ नाही, किल्ला नाही, पाहताच मान झुकावी असे भव्य दृश्यही नाही. आहेत ती ओकची झाडे, एक कातळ, कातळावर बसविलेली ब्राँझची पाटी आणि दगडातल्या पेटीत जपून ठेवलेली एक नोंदवही. तरीही दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पाठीवर सॅक घेतलेली माणसे येथे रोज येतात, वहीत नाव लिहितात, कातळावर रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्याला हात लावतात आणि उत्तरेची वाट धरतात. त्यांना जायचे असते ते देशाच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या शिखरावर. मध्ये चौदा राज्ये आणि सुमारे 2,200 मैलांची, म्हणजे 3,500 किलोमीटरहून अधिक लांबीची पायवाट असते. मुंबईहून दिल्लीस जाऊन परत आले तरी एवढे अंतर भरत नाही.

या पायवाटेचे नाव अ‍ॅपलेशियन ट्रेल. तिच्या एखाद्या टप्प्यावर दिवसभर फिरून येणारे लोक वर्षाकाठी लाखोंनी असतात. परंतु एकाच वर्षात सारी वाट सलग पायी पुरी करण्याचा संकल्प करून निघणारे काही हजारच. त्यांना सहसा पाच ते सात महिने लागतात आणि निघालेल्या चारांपैकी साधारण एकच शेवटपर्यंत पोहोचतो. पोहोचलेल्यांनी लिहिलेल्या आठवणी वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. बहुतेकजण घरून एकटे निघालेले असतात, मात्र एकट्याच्या बळावर आपण पोहोचलो असे म्हणणारा त्यांच्यात क्वचितच आढळतो.

झिजलेले पर्वत

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेची शेवटची मोठी घडण त्याहून कितीतरी जुनी, जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वीची आहे. इतक्या प्रदीर्घ काळात ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी तिची टोके घासून गोल केली. वाटेवरील सर्वोच्च ठिकाण, स्मोकी पर्वतातील कुवोही शिखर, 6,643 फुटांवर थांबते. हिमालय पाहिलेल्या माणसास हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु ही वाट डोंगराला वळसा घालून जात नाही. प्रत्येक माथा चढते, खिंडीत उतरते आणि पुन्हा चढते. सर्व चढांची बेरीज केली तर ती एव्हरेस्ट सोळा वेळा चढण्याइतकी होते, असा हिशेब सांगितला जातो.

आणखी एक गोष्ट नवख्या वाटसरूच्या लक्षात लवकर येते. वाटेचा बहुतेक भाग दाट जंगलातून जातो. ओक, मेपल, बीच, हेमलॉक यांची पाने डोक्यावर इतकी मिटतात की या वाटेला ‘हिरवा बोगदा’ असेच म्हणतात. एकेकाळी या वनात अमेरिकन चेस्टनटचे विशाल वृक्ष होते. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेल्या बुरशीने ते जवळजवळ सर्व मारले. त्यांच्या जुन्या मुळांतून आजही कोवळे धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात आणि त्याच रोगाने पुन्हा वाळतात. वाटेवर दिवसचे दिवस क्षितिज दिसत नाही. दिसतात ती पुढच्या माणसाची पावले आणि झाडांवरचे पांढरे पट्टे. दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक असे दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे, सावध राहावे. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेच्या टोकापर्यंत खुणेची भाषा एवढीच.

एका लेखातून निघालेली वाट

ही वाट कोणा राजाने बांधली नाही, व्यापारासाठी पडली नाही आणि कोणत्याही तीर्थाला जात नाही. 1921 च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकात बेंटन मकाय या वनतज्ज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या वसंतात मकाय यांच्या पत्नीचा दुःखद मृत्यू झाला होता. त्या शोकाच्या काळात, मित्रांच्या आधाराने, त्यांनी ही कल्पना कागदावर मांडली. पूर्व किनाऱ्यावरील औद्योगिक शहरांत यंत्रासारखे जगणाऱ्या कोट्यवधी माणसांना त्यांच्या घरापासून फार दूर नसलेल्या डोंगरात थोडा मोकळा श्वास मिळावा, तेथे एकमेकांच्या सहकार्याने चालणाऱ्या छावण्या असाव्यात आणि त्या सर्वांना जोडणारी एक लांब पायवाट असावी, असा तो विचार होता.

विचार मांडणारा एक आणि तो जमिनीवर उतरविणारा दुसरा, असे व्यवहारात अनेकदा घडते. येथेही तसेच झाले. मायरन एव्हरी या मेन राज्यातून आलेल्या वकिलाने सायकलच्या चाकाचे मोजमापयंत्र पुढे ढकलत मैल न् मैल मोजले, ठिकठिकाणी मंडळे उभी केली आणि काम रेटले. डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता जाऊ द्यावा की नाही, या प्रश्नावर 1935 च्या सुमारास दोघांचे इतके बिनसले की संबंध तुटले ते तुटलेच. तरीही 1937 च्या ऑगस्टमध्ये मेन राज्यातील शेवटचा तुकडा जोडला गेला आणि वाट सलग झाली. 1968 साली कायद्याने तिला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला. आज एकाचे स्वप्न आणि दुसऱ्याची शिस्त या दोहोंवर चालणाऱ्याची पावले पडत असतात. त्यांच्या भांडणाची बहुतेकांना खबरही नसते.

ओझे आणि नाव

पहिले तीस मैल हे ओझ्याचे मैल असतात. घरी बसून जी जी वस्तू अत्यावश्यक वाटली ती सारी पाठीवर असते. तीस मैलांनंतर नील गॅप नावाच्या खिंडीत 1930 च्या दशकात बांधलेली एक दगडी इमारत लागते; पायवाट चक्क तिच्या कमानीखालून जाते. तेथे गिर्यारोहण साहित्याचे दुकान आहे. दुकानातील जाणकार वाटसरूची सॅक जमिनीवर उपडी करतात आणि एकेक वस्तू उचलून विचारतात, ही आतापर्यंत किती वेळा वापरलीत? मोठा चाकू, जाड पुस्तके, जादा कपडे, दोन दोन भांडी यांची पार्सले होऊन घरी परत जातात. समोरच्या झाडावर जुन्या बुटांच्या जोड्या लोंबकळताना दिसतात. कित्येकांची वाट येथेच संपते. जे पुढे जातात ते हलके होऊन जातात.

खाण्याचे गणितही नव्याने शिकावे लागते. चार-पाच दिवसांचा शिधा पाठीवर आणि मग जवळच्या गावात उतरून पुन्हा खरेदी, असा क्रम चालतो. ओटमील, शेंगदाण्याचे लोणी, मक्याच्या किंवा गव्हाच्या तयार पोळ्या, सुकामेवा आणि नूडल्स यांवर महिने काढावे लागतात. अस्वलांचा वावर असल्याने रात्री हा शिधा झाडाला उंच टांगतात किंवा पक्क्या डब्यात बंद करतात. पहिल्या महिन्यानंतर जी भूक लागते ती गावातल्या कोणत्याही जेवणाने भागत नाही.

याच आठवड्यांत आणखी एक ओझे उतरते, ते नावाचे. वाटेवर प्रत्येकाला नवे नाव मिळते आणि ते बहुधा दुसऱ्यांनी दिलेले असते. कोणी रोज पहाटे सर्वांआधी निघतो, कोणी तंबूच्या काठ्या विसरतो, कोणी झोपेत बोलतो. त्यावरून नाव पडते आणि पुढील पाच महिने तेच चालते. ज्या समाजात आडनावावरून गाव कळते, गावावरून पेढी कळते आणि पेढीवरून पत कळते, त्या समाजातील माणसास हे नवलाचे वाटेल. येथे निवृत्त न्यायाधीश आणि कालच नोकरी गेलेला तरुण एकाच फळीवर झोपतात. कोण काय होता हे हळूहळू कळते, पण तोवर त्याला फारसे महत्त्व उरलेले नसते. येथे पत ठरते ती एवढ्यावरच की, पावसात उशिरा आलेल्यासाठी आपण सरकून जागा केली की नाही.

ही जागा म्हणजे वाटेवरचा निवारा. तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी, वर छप्पर आणि खाली लाकडी फळ्या. असे अडीचशेहून अधिक निवारे वाटेवर आहेत. संध्याकाळी तेथे छोट्या शेगड्यांचा आवाज, ओल्या मोज्यांचा वास आणि दिवसभराच्या चढांची चर्चा असते. एकाच्या पायाला फोड आले तर दुसऱ्याच्या पेटीतून चिकटपट्टी निघते. तिसरा पाणी गाळून आणतो. अंधार पडताच सारे झोपी जातात.

प्रत्येक निवाऱ्यात एक वही असते. आलेला माणूस तारीख, नाव, पुढे कोठे जाणार आणि मनात असल्यास चार ओळी लिहितो. मागून येणारा ती वाचतो आणि दोन दिवस पुढे असलेल्या मित्राची खुशाली कळते. या वहीचे दुसरे मोल 2013 च्या उन्हाळ्यात कळून आले. मेन राज्यातील दाट अरण्यात एक महिला काही पावले वाटेबाहेर गेली आणि तिला वाट परत सापडली नाही. ती ठरल्या ठिकाणी पोहोचली नाही, तेव्हा तेथे तिची वाट पाहत असलेल्या पतीने कळविल्यावरून शोध सुरू झाला. शेकडो माणसे अनेक दिवस रान तुडवीत राहिली. तिचा तंबू आणि दैनंदिनी दोन वर्षांनंतर सापडली. वाटेपासून ती जागा फार दूर नव्हती. तेव्हापासून निवाऱ्यातील वहीत नाव लिहिताना जुने वाटसरू नव्यांना पुढचा मुक्काम स्पष्ट लिहायला सांगतात. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हे डोंगरात फार मोठे संरक्षण असते.

ऋतूबरोबर उत्तरेकडे

मार्चमध्ये दक्षिणेहून निघालेला माणूस वसंताबरोबर चालतो. खोऱ्यात फुले आलेली असतात, माथ्यावर अजून पानही नसते. स्मोकी पर्वतात एप्रिलमध्येही बर्फ पडते. झाडांतून निघणाऱ्या सूक्ष्म वायूंमुळे येथील हवेत निळसर धुके भरून राहते आणि डोंगरांच्या ओळी एकामागे एक फिकट होत जातात. ही चेरोकी लोकांची भूमी. 1838 मध्ये त्यांना बळाने येथून हाकलण्यात आले. वाटेत हजारो माणसे मेली. सर्वोच्च शिखराला दिलेले साहेबी नाव काढून चेरोकी भाषेतील ‘कुवोही’ हे मूळ नाव अधिकृतपणे परत देण्यात आले ते 2024 साली.

पुढे रोन पर्वतावर झाडे अचानक संपतात आणि गवताळ पठारे उलगडतात. जूनच्या उत्तरार्धात तेथे ऱ्होडोडेंड्रॉनची जांभळट गुलाबी फुले बहरतात. व्हर्जिनिया हे वाटेवरचे सर्वांत लांब राज्य. एकूण अंतराचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या त्याचा. त्याच्या दक्षिण भागातील माळावर ठेंगणी रानटी घोडी कळपाने चरतात आणि सॅकच्या पट्ट्यांवर वाळलेल्या घामाचे मीठ चाटायला निर्धास्त जवळ येतात. मॅकॅफी नॉब हा पोकळीत पुढे आलेला खडक पहाटे गाठावा, अशी वाटसरूंची रीत आहे. अंधारात दिव्याच्या उजेडात चढायचे, काठापासून थोडे मागे ओळीने बसायचे आणि खालच्या खोऱ्यातील धुके सोनेरी होताना पाहायचे. त्या वेळी कोणी बोलत नाही. एकट्याने पाहिलेला सूर्योदय आणि ज्यांच्यासोबत महिनाभर भिजलो त्यांच्यासोबत पाहिलेला सूर्योदय यांत फरक असतो.

पोटोमॅक आणि शेनंडोआ या नद्यांच्या संगमावर हार्पर्स फेरी हे जुने गाव आहे. वाटेची देखभाल करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेचे कार्यालय येथेच. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूचे छायाचित्र घेऊन, अनुक्रमांक देऊन ते संग्रहात ठेवतात. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाचे टोकदार दगड येतात. बुटांचे तळवे फाटतात. मध्याच्या सुमारास एका उद्यानातील दुकानात अर्धा गॅलन, म्हणजे जवळपास दोन लिटर, आइस्क्रीम एका बैठकीत संपविण्याची जुनी पैज आहे. एकजण खातो, बाकीचे त्याला हसत हसत धीर देतात. पुढे न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी बेअर माउंटन येथे वाट 124 फुटांपर्यंत खाली उतरते आणि एका लहानशा प्राणिसंग्रहालयातून जाते. खास या पायवाटेसाठी आखलेला पहिला तुकडा 1923 मध्ये येथेच खुला झाला. आकाश स्वच्छ असेल तर जवळच्या डोंगरावरून न्यूयॉर्क शहराच्या उंच इमारती दिसतात. मकाय यांना ज्या शहरी माणसाची चिंता होती तो तेथे राहतो.

परतफेड न होणारी उधारी

मोठा रस्ता ओलांडताना कधी कधी एक अनोळखी मोटार उभी असते. मागचे दार उघडे, आत संत्री, थंड पेये, पाव, आणि शेजारी घडीच्या खुर्च्या. मोटारवाला विचारतो, भूक लागली आहे ना, बसा. वाटसरू याला ‘ट्रेल मॅजिक’ म्हणतात आणि असे करणाऱ्यांना ‘ट्रेल एंजल’. कोणी गावापर्यंत सोडतो, कोणी आपल्या अंगणात तंबू ठोकू देतो, कोणी ओले कपडे वाळवून देतो. पैसे घेतले जात नाहीत. देणारा पुन्हा भेटण्याची शक्यताही नसते.

व्यवहार जाणणाऱ्या माणसाला येथे प्रश्न पडणे साहजिक आहे. घेतले तर परत करावे, ही आपली शिकवण. ज्याने दिले त्याचे नाव ठाऊक नाही, पत्ता ठाऊक नाही. मग हे खाते मिटवायचे कसे? वाटेवर त्याचे उत्तर रूढ झाले आहे. एकाकडून घेतलेले दुसऱ्याला द्यायचे. ज्याला काल चिकटपट्टी मिळाली तो आज आपली गोळी दुसऱ्याला देतो. प्रत्येक वसतिगृहात एक खोके असते. नको असलेला शिधा, दोरी, मोजे त्यात ठेवायचे आणि हवे ते उचलायचे. पुढच्या वर्षी ट्रेल पुरी केलेला माणूस स्वतः मोटारीत संत्री भरून त्या रस्त्यावर येतो.

सोबतीची खरी कसोटी मात्र वेगळ्या ठिकाणी लागते. दोन-तीन महिने एकत्र चाललेल्या चौघांपैकी एकाचा घोटा दुखावतो. वैद्य सांगतो, दहा दिवस विश्रांती. उत्तरेत कटाडिनचा मार्ग ऑक्टोबरच्या मध्यानंतर हवामानामुळे भरवशाचा राहत नाही. थांबावे तर सर्वांचीच मुदत हुकते. जावे तर ज्याने आपल्याला सावरले त्यालाच मागे सोडावे लागते. प्रत्येकाने आपल्या चालीने चालावे, असा वाटेचा अलिखित नियम आहे आणि दुखावलेला माणूसच बहुधा तो इतरांना ऐकवतो. पुढे गेलेले निवाऱ्याच्या वहीत त्याच्यासाठी ओळी लिहीत जातात. कधी तो त्यांना गाठतो, कधी गाठत नाही. गावाकडे परतण्याची गाडी पकडणाऱ्या माणसाने उरलेला शिधा साथीदारांत वाटून दिल्याचे प्रसंग या वाटेवर दरवर्षी घडतात.

ज्यांनी दुःख पाठीवर घेतले

ही सारी वाट एका दमात चालून पुरी केल्याचे पहिले श्रेय 1948 सालच्या अर्ल शेफर यांना दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवरून परतलेला हा तरुण. ज्या बालमित्रासोबत ही वाट चालायचे ठरले होते तो इवो जिमाच्या लढाईत मारला गेला होता. युद्ध मनातून उतरावे म्हणून शेफर एकटे निघाले आणि 124 दिवसांत कटाडिनला पोहोचले. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. छायाचित्रे आणि दैनंदिनी दाखवावी लागली. पन्नास वर्षांनी, 1998 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी त्यांनी ती वाट पुन्हा पुरी केली.

एमा गेटवुड ओहायो राज्यातील शेतकरी कुटुंबातील. अकरा मुलांची आई. तीन दशकांहून अधिक काळ नवऱ्याची मारहाण सोसून अखेर त्या विभक्त झाल्या. एका मासिकात या वाटेवरील लेख त्यांच्या वाचनात आला. 1954 मध्ये पहिला प्रयत्न फसला. त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला, वनरक्षकांनी घरी जाण्याचा सल्ला दिला. पुढच्या वर्षी, वयाच्या 67 व्या वर्षी, आपण फिरायला जात आहोत एवढेच मुलांना सांगून त्या पुन्हा निघाल्या. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. वाटेत काही दारे बंद झाली, काही उघडली. अनोळखी घरांनी जेवू घातले, झोपायला जागा दिली. 25 सप्टेंबर 1955 रोजी त्या कटाडिनवर उभ्या होत्या. एका वर्षात एकटीने ही वाट पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वाटेच्या दुरवस्थेबद्दल त्यांनी वार्ताहरांना परखडपणे सांगितले आणि त्यामुळे तिच्या डागडुजीकडे लोकांचे लक्ष गेले.

1990 मध्ये बिल अर्विन हे दृष्टिहीन गृहस्थ ओरिएंट नावाच्या मार्गदर्शक कुत्र्यासह जॉर्जियाहून निघाले. ते असंख्य वेळा पडले आणि नोव्हेंबरच्या थंडीत मेनला पोहोचले. झाडांवरचे पांढरे पट्टे त्यांना दिसत नव्हते. कुत्र्याची चाल, स्वतःचा निर्धार आणि वाटेवर भेटणाऱ्या माणसांचे आवाज यांवर ते आठ महिने चालत राहिले.

वाट राखणारे

दोन वर्षे हात लावला नाही तर रान अशी पायवाट गिळून टाकते. ती टिकते, कारण सुमारे तीस स्थानिक मंडळांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत. हजारो स्वयंसेवक दरवर्षी करवती आणि कुदळी घेऊन येतात; पडलेली झाडे कापतात, दगडी पायऱ्या बसवतात, पाण्याला वाट काढून देतात, पट्टे नव्याने रंगवतात. त्यांच्यात निवृत्त माणसांची संख्या मोठी आहे. चालणारा पुढे निघून जातो. पायरी कोणी बसविली हे त्याला कधीच कळत नाही.

2024 च्या सप्टेंबर अखेरीस हेलीन चक्रीवादळ या डोंगरांत शिरले. नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी आणि व्हर्जिनियातील नद्यांना महापूर आला. टेनेसीतील अर्विन गावाजवळ ज्या पुलावरून वाट नोलिचकी नदी ओलांडत असे तो पूल वाहून गेला. हॉट स्प्रिंग्ज आणि डमॅस्कस ही गावे, जेथे पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंना आश्रय मिळाला, पाण्याखाली गेली. डोंगरावर इतकी झाडे आडवी झाली की पायवाट कोठे होती हेच ओळखू येईना. ज्यांची स्वतःची घरे चिखलाने भरली होती अशी माणसेही पुढील महिन्यांत करवत घेऊन वाटेवर आली. ज्यांनी त्या गावांत कधीकाळी फुकट जेवण घेतले होते ते दूरदूरच्या राज्यांतून फावडी घेऊन मदतीला आले. 2025 च्या वसंतापर्यंत वाटेचा बहुतेक भाग पुन्हा चालण्यायोग्य झाला.

शेवटचे मैल

न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्समध्ये झाडे खाली राहतात आणि वाट उघड्या कातळावर येते. माउंट वॉशिंग्टनवर 1934 मध्ये ताशी 231 मैल, म्हणजे 372 किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला होता. तेथील हवामान आजही क्षणात बदलते. मेनमध्ये माहुसक नॉच नावाची एक मैल लांबीची खिंड आहे. घराएवढ्या शिळांखालून सरपटत, वरून उतरत तो एक मैल पार करायला काही तास लागतात. सॅक आधी पुढे सरकवायची, मग पलीकडच्याचा हात धरून बाहेर यायचे. एवढी वाट चालून आलेला अभिमानी माणूसही येथे तो हात नाकारीत नाही.

मग केनेबेक नदी आडवी येते. वरच्या बाजूच्या धरणातून केव्हाही पाणी सुटते आणि पात्र एकाएकी फुगते. 1985 मध्ये ती पायी ओलांडताना एका वाटसरूचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर येथे होडीची सोय करण्यात आली. ठरलेल्या वेळी नावाडी येतो, दोन-दोन माणसांना पलीकडे नेतो, पैसे घेत नाही. त्या होडीच्या तळाशी पांढरा पट्टा रंगविलेला आहे. म्हणजे होडी हाच अधिकृत मार्ग. जी वाट पूर्णपणे स्वतःच्या पायांनी चालल्याचा माणसाला अभिमान असतो, तिच्या या तुकड्यावर त्याला दुसऱ्याच्या वल्ह्यावर विसंबूनच जावे लागते.

मॉन्सन गावानंतर शंभर मैलांचे अरण्य लागते. दहा दिवसांचा शिधा असल्याखेरीज पुढे जाऊ नका, अशी पाटी तेथे आहे. सप्टेंबरमध्ये मेपल लाल, बर्च पिवळे होतात. पहाटे तळ्यावर लून पक्षी साद घालतो आणि दलदलीत मूस नावाचे प्रचंड हरीण निवांत उभे असते. एखाद्या तळ्याच्या काठावरून प्रथमच कटाडिन दिसतो. पेनॉब्स्कॉट लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सर्वांत मोठा पर्वत’.

हा पर्वत सर्वांसाठी खुला राहिला यामागे एका श्रीमंत माणसाचा निश्चय आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर हे मेनचे गव्हर्नर होते. सरकारने ही जमीन विकत घ्यावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले. विधिमंडळाने दाद दिली नाही. तेव्हा 1930 पासून पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी स्वतःच्या पैशाने एकेक तुकडा खरेदी केला आणि दोन लाख एकरांहून अधिक अरण्य राज्यातील जनतेला दान दिले. अट एवढीच की ते कायम रान राहावे.

अखेरच्या दिवशी पाच मैलांची खडी चढण असते. 5,267 फुटांवर, कळसूबाईहून किंचित ठेंगण्या या शिखरावर, ऊनपावसाने फिकट झालेली एक लाकडी पाटी आहे. कोणी तिला मिठी मारतो, कोणी नुसताच बसून राहतो. जे सोबत आले ते हात जोडून, गळ्यात पडून निरोप घेतात. जे मागे राहिले त्यांची नावे घेतली जातात. मग तीच खडी वाट उतरावी लागते. पायथ्याशी कोणाचे आईवडील मोटार घेऊन उभे असतात, कोणाला शहराकडे जाणारी बस पकडायची असते. आठवड्याभरात प्रत्येकाला घरचे जुने नाव परत मिळते.

आणि पुढच्या मार्चमध्ये, जॉर्जियातील एखाद्या खिंडीच्या रस्त्यावर, एक माणूस मोटारीचे मागचे दार उघडून संत्र्यांची टोपली बाहेर काढतो. डोंगरावरून भिजलेली, अजून ओझ्याने वाकलेली नवखी माणसे एकेक करून उतरत येत असतात. नाव विचारल्यावर तो आपले वाटेवरचे नाव सांगतो आणि खुर्ची पुढे करतो.